लंगडायचा धडा

कस्तुराला लंगडायला तिच्या आईनं शिकवलं.

१९५७च्या डिसेंबरातली गोष्ट. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या घराच्या मधल्या खोलीची दोन्ही दारं लावून भागीरथीबाईंनी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं.

"उजवा पाय टेकताना स्वल्प थांबायचं," त्या म्हणाल्या. "टाच पुरती टेकवायची नाही. कमरेतून नको गं, कमरेतून केलं की सोंग वाटतं. हे बघ, असं."

त्यांनी पदर खोचून स्वतः चालून दाखवलं. कस्तुरानं पाहिलं आणि तसंच केलं. दुसऱ्याच खेपेला तिला जमलं. न जमायला काय झालं होतं! नऊ वर्षं ती भरतनाट्यम शिकत होती. शरीराला एक गोष्ट दाखवली की ते ती उचलत असे, इतकं तिनं ते घोटून तयार केलं होतं.

"सरी, ठीक आहे," आई म्हणाली. "कोणी आलं की असंच चालायचं."

पाय मुरगळलेला नव्हता. पायाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

झालं होतं ते तीन आठवड्यांपूर्वी, नरसिंहरावांच्या घरी. नरसिंहराव हे सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. कस्तुराचे वडील श्रीधरराव त्याच खात्यात हेडक्लार्क, बरीच वर्षं त्यांच्याच हाताखाली काम केलेले. चार-पाच पिढ्यांपासून बंगळूरात राहिलेल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं, त्याचे नरसिंहराव अध्यक्ष आणि श्रीधरराव चिटणीस. आपल्या मुलींनाही कला यायला हवी म्हणून नरसिंहरावांनी आपल्या दिवाणखान्यात नाचाचा क्लास सुरू करून दिला होता, म्हैसूरकडचे एक मास्तर ठेवले होते. सगळी घरं त्यांचे आभार मानत. कस्तुरा ही त्या क्लासची पहिली मुलगी. जानेवारीत तिचा रंगप्रवेश व्हायचा होता. मंडळाच्या हॉलमध्ये, लोकांसमोर, एकटीनं अडीच तास.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाचे ढीग, पिपाण्या, फुगे, अख्खं बंगळूर रस्त्यावर. त्या दिवशी क्लास नाही असा मास्तरांनी दिलेला निरोप कस्तुरापर्यंत पोचला नाही. ती नेहमीसारखी तीन वाजता घुंगरांची पिशवी घेऊन गेली. नरसिंहरावांच्या पत्नी सुनंदाबाई जत्रेला गेल्या होत्या. नरसिंहराव घरी एकटेच होते.

"ये, ये. तुझ्या पत्रिका छापून आल्यात, बघून घे," ते म्हणाले आणि ती दिवाणखान्यात आल्यावर त्यांनी दाराला आतून अडसर घातला.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. दर विजयादशमीला ती ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायची तो माणूस. ती ओरडली. बाहेर हजार पिपाण्या वाजत होत्या. मग त्यांनी तिच्या तोंडावर हात दाबला. त्यांनी तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द पुढची पाच वर्षं त्या घरात, त्या गल्लीत कोणी तोंडातून काढला नाही, म्हणून तो इथं स्पष्ट लिहिलेला बरा.

ती गर्दीतून चालत घरी आली. सरळ चालत आली. तिनं आईला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. भागीरथीबाईंनी बंब पेटवला, तिला न्हाऊ घातलं, आणि न्हाऊ घालताना एकच सांगत राहिल्या, "हळू बोल. हळू बोल गं. तुझ्या वहिनीला ऐकू जाईल."

श्रीधरराव ऑफिसातून आले. त्यांनी ऐकून घेतलं. नुकताच काढलेला कोट पुन्हा अंगात घातला, टोपी घातली आणि बाहेर पडले. कस्तुराला वाटलं, अण्णा आता त्या माणसाला फोडून काढणार. दीड तास ती दाराकडे बघत बसली. तिला भीतीसुद्धा वाटली, अण्णा एवढेसे, नरसिंहराव धिप्पाड, अण्णांनाच काही झालं तर?

अण्णा परत आले. टोपी खुंटीला लावली.

"त्यांना फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. रंगप्रवेश रद्द करायचा. नाचताना पाय मुरगळला म्हणून लोकांना सांगायचं. बभ्रा होण्यापेक्षा हे बरं."

"तुम्ही तिथं दीड तास काय करत होता?" कस्तुरानं विचारलं.

"बोललो."

"आणि?"

श्रीधरराव खाली बघत म्हणाले, "कॉफी दिली. नको म्हणता येईना."

बस्स. बापानं एवढंच केलं.

त्यानंतर लंगडणं हे कस्तुराचं काम झालं. दाराची कडी वाजली की आई स्वयंपाकघरातून खोकायची आणि कस्तुरा उजवी टाच उचलायची. लग्नांत, मुंजीत, मंडळाच्या गणपतीत बायका चुकचुकायच्या. "काय सुंदर नाचायची हो." "दृष्ट लागली." सुनंदाबाईंनी केरळातलं औषधी तेल पाठवलं, एकदा नाही, दर दोन महिन्यांनी. श्रीधरराव ते हातात घेऊन यायचे. मुलीचं लग्न व्हावं म्हणून लपवायचं असं ठरलं होतं, आणि स्थळं येत ती लंगडी मुलगी पाहून परत जात. पण खोटं मागं घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. कॉलेज सुटलं. घुंगरं आईनं कुठं ठेवली ते कस्तुरानं विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी ती अंथरुणातून उठली, घरात कोणी परकं नव्हतं, कोणी खोकलं नव्हतं, आणि तरीही ती लंगडत मोरीपर्यंत गेली. मोरीत उभी राहिल्यावर तिच्या ते लक्षात आलं. तिनं टाच टेकवून पाहिली. खुब्यातून कळ निघाली, खरी कळ. हळूहळू तिला मांडी घालून बसता येईना. जिना चढताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं स्वच्छ होती. "मनाचं आहे," डॉक्टर म्हणाले. श्रीधररावांनी घरी येऊन तेवढं ऐकवलं, "काही नाही, मनाचं आहे," आणि त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

अशी चार वर्षं गेली. १९६२च्या पावसाळ्यात कस्तुराच्या भावजयीला, चंपाला, मुलगी झाली. बाळंतिणीला तेल लावायला यल्लव्वा नावाची बाई येऊ लागली. ती खानापूरकडची, पन्नाशीची, रुंद हातांची. मुलगा टेलिफोनच्या कारखान्यात लागला म्हणून बंगळूरात आलेली. तोंडात सारखी कानडी आणि मराठीची मिसळ.

एक दिवस चंपाचं झाल्यावर भागीरथीबाई म्हणाल्या, "जरा हिच्या पायालाही लाव. पाच वर्षांपूर्वी मुरगळलाय."

कस्तुरा नको म्हणायच्या आत यल्लव्वानं तिला चटईवर निजवलं आणि तेलाचा हात गुडघ्याच्या वर ठेवला. कस्तुराच्या डोळ्यांपुढं अंधार आला. पुढच्या क्षणी यल्लव्वा भिंतीशी जाऊन आपटली होती आणि तेलाची वाटी खोलीभर घरंगळत होती. कस्तुरानं लाथ मारली होती, उजव्या पायानं.

"अय्यो, काय केलंस हे!" भागीरथीबाई ओरडल्या.

यल्लव्वानं छाती चोळली. रागावली नाही. कस्तुराकडं नीट बघितलं.

"मुरगळलाय म्हणता व्हय ह्यो पाय?" ती म्हणाली. "ह्या पायात बैलाचं बळ हाय. बाई, तुम्ही जावा बघू भायेर."

भागीरथीबाई गेल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या. यल्लव्वा उठली आणि तिनं त्यांच्या तोंडावर दार लोटलं. त्या घरात असं आजवर कोणी केलं नव्हतं.

मग ती हातभर अंतरावर बसली. "पोरी, मी काय इचारणार न्हाई. रोज येईन. हात लावू का म्हणीन. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हात लावू?"

"नाही," कस्तुरा म्हणाली.

"बरं." यल्लव्वा तशीच बसून राहिली, आपल्याच पोटऱ्यांना तेल चोळत, आणि अर्ध्या तासानं उठून गेली.

अकरा दिवस कस्तुरा नाही म्हणत होती. पहिले दोन दिवस भीतीनं. तिसऱ्या दिवशी तिला त्यात गोडी वाटली. कोणीतरी विचारत होतं, ती नाही म्हणत होती, आणि नाही म्हटलं की खरंच तो हात थांबत होता. हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. सातव्या दिवशी तिनं नाही हा शब्द इतक्या मोठ्यानं म्हटला की पलीकडच्या खोलीत बाळ जागं झालं. यल्लव्वा हसली. "अजून मोठ्यानं म्हण की."

बाराव्या दिवशी कस्तुरा म्हणाली, "घोट्यापर्यंत."

यल्लव्वानं घोट्यापर्यंत तेल लावलं, बोटभरही वर गेली नाही. आठवड्यानं पोटरी. महिन्यानं गुडघा. हात खुब्यापर्यंत पोचला तेव्हा दिवाळी उलटली होती. त्या दिवशी चटईवर पालथी पडलेली कस्तुरा बोलायला लागली. तिनं सगळं सांगितलं, अडसर, पिपाण्या, तोंडावरचा हात, अण्णांची कॉफी. यल्लव्वाचे हात थांबले नाहीत, पण जड होत गेले.

"आणि तुला लंगडी कुणी केली?"

"आईनं शिकवलं."

यल्लव्वानं कानडीत एक शिवी दिली. कोणाला दिली ते सांगितलं नाही. मग म्हणाली, "उठ. चाल बघू."

कस्तुरा चालली. अजून दुखत होतं, पण टाच टेकली.

त्यानंतर ती दुपारी जेवणं झाल्यावर गच्चीवर जाऊ लागली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून अरमंडीत बसायची. अरमंडी म्हणजे गुडघे दोन्ही बाजूंना उघडून अर्धं खाली बसणं, सगळ्या नाचाचा पाया. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत मांड्या थरथरल्या आणि ती रडायला लागली. ते रडणं दुःखाचं नव्हतं. हे शरीर तिनं नऊ वर्षं घाम गाळून बनवलं होतं, आणि एका माणसानं ते एका दुपारी घेतलं, आणि उरलेलं आईबापांनी पाच वर्षं वापरलं, आपली अब्रू झाकायला. तिला इतका संताप आला की ती पुन्हा खाली बसली. मग पंधरा आकडे. मग पाय आपटायचा पहिला धडा, जो नऊ-दहा वर्षांच्या मुलींना शिकवतात, तै या तै, तै या तै.

जानेवारीत एक दिवस ती संध्याकाळीही नाचत असताना भागीरथीबाई धापा टाकत गच्चीवर आल्या. "खाली आवाज येतोय! शेजारच्यांनी विचारलं म्हणजे?"

"सांग, कस्तुरा नाचतेय म्हणून."

"आणि पाय?"

"पायाला काय झालंय, आई?"

भागीरथीबाई खाली गेल्या आणि ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला घेऊन वर आल्या. श्रीधरराव आधी समजावत होते, मग चिडले.

"पाच वर्षं सांभाळलं, ते आता उधळून लावणार?" ते म्हणाले. "आणि कशामुळं सांभाळलं गेलं? मला त्या दिवशी काही सुचत नव्हतं. नरसिंहरावांनीच पायाचं सुचवलं म्हणून निभावलं, नाहीतर..."

ते थांबले. पण बोलून गेले होते.

कस्तुराला काही क्षण गच्ची, आकाश, वाळत घातलेल्या साड्या, काहीच दिसलं नाही. पाच वर्षं प्रत्येक पावलागणिक ती जे करत होती ते त्या माणसानं सांगितलेलं होतं. त्यानं कॉफी पिता पिता ठरवलं होतं, हिनं कसं चालायचं.

"आणि तेल?" तिनं विचारलं. आवाज अगदी शांत होता.

श्रीधरराव जिन्याकडं वळले.

चार दिवसांनी सुनंदाबाईंकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी चाळीसएक बायका जमत, एळ्ळु-बेल्लाच्या म्हणजे तीळगुळाच्या पुड्या वाटल्या जात, क्लासच्या मुली थोडं नाचून दाखवत. त्याच दिवाणखान्यात. दरवर्षी कस्तुरा आईबरोबर लंगडत जाई आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसे. या वर्षी तिनं आदल्या दिवशी निरोप पाठवला की मीही थोडा अभिनय करीन. सुनंदाबाईंना आनंद झाला. "बसून करशील ना?" त्यांनी कस्तुरा दारात येताच विचारलं. "पायाला ताण नको गं."

"बघते," कस्तुरा म्हणाली.

दुपारचे चार वाजले होते. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. यल्लव्वा सोबत आली होती, ती उंबऱ्याजवळ टेकली. भागीरथीबाई बायकांच्या मध्ये, काही सुचेनासं होऊन बसल्या होत्या. लहान मुली नाचल्या. मास्तरांनी ताल धरायची काठी आणि पाट उचलला आणि ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. मग कस्तुरा उठली. साधी सुती साडी, दागिना नाही, घुंगरू नाही. ती लंगडत मध्ये आली.

"माझ्या नाचाचं नाव, पाय मुरगळला," ती म्हणाली. एकदोघी हसल्या.

तिनं आधी आई केली. पदर खोचला, मान वाकडी केली, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली. "स्वल्प थांबायचं. टाच पुरती टेकवायची नाही. कमरेतून केलं की सोंग वाटतं." आवाज, हातवारे, हुबेहूब भागीरथीबाई. बायका खळखळून हसल्या. काहींनी भागीरथीबाईंकडं वळून पाहिलं आणि हसणं विरलं. तिथं एक बाई पांढरीफटक पडली होती.

मग कस्तुरा एकोणीस वर्षांची मुलगी झाली. खांद्याला पिशवी. जत्रेतून वाट काढणं, एक शेंग फोडून तोंडात टाकणं. पायऱ्या चढणं, चपला काढणं. बघणाऱ्या बायकांना जागा ओळखू यायला वेळ लागला नाही. पायऱ्या याच होत्या, दार हेच. तिनं उजव्या हाताचा अडसर केला आणि तो डाव्या हातावर घातला. मग तोच उजवा हात तिच्या तोंडावर आला. तिचाच हात, पण तो आता तिचा राहिला नव्हता. तिचं डोकं त्या हातानं मागं रेटलं गेलं, पाठ वाकली, गुडघे दुमडले, ती जमिनीवर पडली. ती ओरडत होती आणि आवाज येत नव्हता. खोलीत कोणाच्या बांगड्याही वाजल्या नाहीत. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "रामा, रामा," आणि तिनं तोंड झाकून घेतलं.

जमिनीवर पडल्या पडल्या कस्तुरानं डाव्या हातानं तो उजवा हात धरला आणि एकेक बोट तोंडावरून उचकटायला सुरुवात केली. फार वेळ लागला. तिच्या कपाळावरची शीर फुगली होती. शेवटचं बोट सुटलं आणि तिच्या तोंडून आवाज फुटला. ते गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं, पाच वर्षं छातीत कोंडलेला तो आवाज रस्त्यापर्यंत गेला.

आतल्या दारात नरसिंहराव येऊन उभे राहिले. "काय चाललंय? सुनंदा, बंद कर हे!"

कस्तुरा उठून उभी राहिली. दोन्ही टाचा जमिनीवर.

"बसा, नरसिंहराव," ती म्हणाली. "इथंच, याच खोलीत. कार्तिकातला शेवटचा सोमवार. तुम्ही अडसर घातलात आणि माझ्यावर बलात्कार केलात. वर माझ्या बापाला सांगितलंत, पाय मुरगळला म्हणा. माझी अरमंडी खोल नाही असं तुम्ही मास्तरांना सांगायचात ना? ही बघा."

ती त्यांच्या समोर खाली बसली, गुडघे उघडून, पाठ ताठ, मांड्या दगडासारख्या. नजर त्यांच्यावरून हलली नाही. आणि तिनं पाय आपटला. "तै या तै." उजवा, डावा, उजवा. मग दुप्पट लयीत. मग चौपट. काठीची साथ नाही, मृदंग नाही, नुसते तिचे तळवे आणि लाल फरशी. कपाटातली चांदीची भांडी वाजू लागली. तिची केसांची गाठ सुटली. खुब्यातून कळा येत होत्या आणि प्रत्येक कळेसरशी ती पुढचा पाय आणखी जोरात आणत होती. नरसिंहराव एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक.

"वेड लागलंय हिला," ते म्हणाले. "भागीरथीबाई, घेऊन जा हिला."

भागीरथीबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, त्या मुलीला धरणार. त्या कोणाकडं न बघता बाहेर निघून गेल्या, एकट्याच. चपला तिथंच राहिल्या.

उंबऱ्यातून यल्लव्वा ओरडली, "थांबू नको, पोरी!"

कस्तुरा थांबली नाही. दम संपेपर्यंत नाचली आणि स्वतःच्या मर्जीनं थांबली. फरशीवर तिच्या तळव्यांचे रक्ताचे डाग होते. नरसिंहराव आत गेले होते.

 मग सुनंदाबाईंनी कुंकवाचं तबक खाली ठेवलं. त्या क्लासच्या मुलींकडं वळल्या. "मुलींनो, घुंगरू काढा. घरी जा. उद्यापासून इथं यायचं नाही." शेवटची मुलगी जाईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. मग कस्तुराला म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तेल पाठवत होता," कस्तुरा म्हणाली. "कोणी सांगितलं होतं पाठवायला?"

"यांनी." हा शब्द बोलताना सुनंदाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. "मला वाटलं, किती मन मोठं आहे."

कस्तुराला त्यांची दया आली नाही. यावी असं तिला वाटलंही नाही. ती यल्लव्वाचा हात धरून पायऱ्या उतरली.

यानंतर फार काही चांगलं झालं असं नाही. मंडळाची तातडीची बैठक झाली. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं पुरुषांनी एकमतानं ठरवलं. नरसिंहराव आणखी दोन वर्षं अध्यक्ष राहिले, मग शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. त्यांचा फोटो मंडळाच्या हॉलमध्ये लागला. पोलिसांत जायचं म्हटल्यावर एका वकिलानं विचारलं, "पाच वर्षं काय करत होता?" कस्तुरा म्हणाली, "लंगडत होते." वकिलानं फाइल मिटली. त्या दिवाणखान्यात मात्र पुन्हा क्लास भरला नाही.

कस्तुरानं त्याच आठवड्यात घर सोडलं. यल्लव्वाच्या मुलानं सांगून पाहिलं आणि टेलिफोनच्या कारखान्यात तारा जोडायच्या बाकावर तिला काम मिळालं. तिथं पन्नास मुली होत्या, कानडी, तमिळ, मल्याळी. कोणी तिला लंगडी म्हणून ओळखत नव्हतं. बंगळूरातल्याच श्रीरामपुरात यल्लव्वाच्या शेजारी तिनं एक खोली घेतली.

मार्चमध्ये एका रविवारी एक अनोळखी बाई आली. तिशीची, बरोबर कोणी नाही. नाव सांगितलं नाही. खाटेच्या काठावर बसून म्हणाली, "माझं नाव विचारू नका. पण मी तुमच्याआधी. नरसिंहरावांच्या खात्यात टायपिस्ट होते." ती रडली नाही. तिनं विचारलं, "ते तुम्ही केलंत, ते पुन्हा कराल? मला बघायचंय."

कस्तुरानं त्या एका बाईसमोर, दहा बाय दहाच्या खोलीत, पुन्हा सगळं केलं. बोटं सुटली त्या जागी त्या बाईनं आपली मूठ इतकी आवळली की नखं रुतली. पुढच्या रविवारी ती आणखी दोघींना घेऊन आली. मग कारखान्यातल्या काही मुली आल्या. प्रत्येक वेळी कस्तुरा सांगायची, "रडायला आला असाल तर आधीच रडून घ्या. माझ्याकडं रडणं नाही." तिच्याकडं राग होता आणि तो कमी व्हावा अशी तिची इच्छा नव्हती. रागावर ती उभी होती. काही दिवस खुबा दुखायचा, थंडीत जास्तच. त्या दिवशी ती कामावर रिक्षानं जायची आणि त्याबद्दल कोणाला काही सांगायची नाही.

ऑगस्टात भागीरथीबाई आल्या. हातात डब्यातून चिरोटे. खोली बघितली, खाट बघितली, खिडकीतली तुळस बघितली. शेवटी म्हणाल्या, "कस्तू, झालं गेलं ते..."

"काय झालं होतं?" कस्तुरानं विचारलं.

"अगं, तेच."

"तेच म्हणजे काय? म्हण."

"मला नाही येत गं तसं बोलायला."

"मला लंगडायला शिकवायला आलं. हेही येईल. म्हण, नाहीतर डबा घेऊन जा."

भागीरथीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. बाहेर नळावर बायका भांडत होत्या.

"तुझ्यावर बलात्कार झाला होता," त्या म्हणाल्या. मग थांबून, "आणि मी तुला गप्प केलं."

पाठ तशीच होती, पण खांदे हलत होते. कस्तुरा उठली नाही. जवळ गेली नाही. तिनं डबा घेऊन टेबलावर ठेवला आणि स्टोव्ह पेटवून कॉफीचं पाणी ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "कॉफी घेऊन जा. आणि पुढच्या रविवारी अण्णांना घेऊन ये. त्यांनाही म्हणायचं आहे."